सर्व्हर डाऊन नसतो हो, डेटाबेसकडे कोणी बघत नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दर थोड्या दिवसांनी एक बातमी असतेच. ऑफिस बदलतं, फोटोतली रांग बदलते, मथळा तोच, ‘सर्व्हर डाऊन, नागरिक ताटकळले’. मार्चएन्डला असते, ॲडमिशनच्या सीझनला असते, टॅक्सवरच्या सवलतीची मुदत संपत आली की हमखास असते. आणि शेवटच्या ओळीत कुठलेतरी साहेब सांगतात की सर्व्हरची क्षमता वाढवायचा प्रस्ताव वर पाठवलाय. ही ओळ वाचली की माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहायला बसले. मी डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर आहे म्हणजे डीबीए, ऑफिसच्या सगळ्या नोंदी ज्यात साठवतात तो डेटाबेस सांभाळते, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसवर काम करते. पत्र लांबलंय, काटायचं तर काटा पण आकडे तेवढे ठेवा.

तर सर्व्हर बहुतेक वेळा डाऊन नसतोच. मशीन चालू असतं, पंखे फिरत असतात, एसी सुरू असतो, कधीकधी तर सीपीयू चक्क निवांत बसलेला असतो. अडकलेला असतो तो आतला डेटाबेस, आणि तो का अडकलाय हे बघायला त्या ऑफिसात कोणी नसतं, हे खरं दुखणं आहे.

सगळ्यात साधा प्रकार सांगते. पोस्टग्रेस बसवलं की एकावेळी १०० कनेक्शनची मर्यादा आपोआप येते, मायएसक्यूएलमधे १५१. बसवणाऱ्याने हात लावला नाही तर तेवढीच राहते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ध्या पुण्याने एकदम पान उघडलं की मर्यादेपुढच्या माणसाला डेटाबेस सरळ नाही म्हणतो आणि त्याला मोबाइलवर पांढरं पान दिसतं. मग वेंडरचा मुलगा येतो आणि १०० चे २००० करून जातो. आता गंमत अशी की पोस्टग्रेसमधे प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस उभी राहते, आणि प्रत्येक सॉर्टिंगला लागणारी मेमरी वेगळी, तिला वर्क मेम म्हणतात, मुळात ती ४ एमबी असते. रिपोर्ट लवकर यावा म्हणून कोणीतरी आधीच तिची २५६ एमबी करून ठेवलेली असते, कुठेतरी वाचून. ४०० जणांनी एकदम रिपोर्ट मागितला तर करा गुणाकार, १०० जीबी झाले, आणि एकाच क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एकाच प्रश्नात, दोनतीनदा सॉर्टिंग असेल तर त्याहून जास्त. मेमरी संपली की मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्स, स्वतःच जास्त खाणारी एक प्रोसेस बघून तिला मारून टाकते, ती बहुतेक डेटाबेसचीच निघते, आणि पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मेली की ते बाकी सगळ्यांची कनेक्शनं तोडून पुन्हा सुरू होतं. आता झाला खरा सर्व्हर डाऊन, आणि तो दुरुस्ती करायला आलेल्यानेच केला. यावर इलाज म्हणजे मधे पूलर बसवायचा, पीजीबाउन्सर नावाचा फुकट मिळतो, बाहेरून हजारो लोक येऊदेत, आत डेटाबेसकडे तीस-चाळीस कनेक्शनंच जातात आणि काम भराभर उरकतं. एका दुपारचं काम आहे, याला प्रस्ताव वर पाठवावा लागत नाही.

मेमरीचं निघालंच आहे तर. नवीन मशीन घेतात, २५६ जीबी रॅम, खोक्याचा फोटो काढतात, नारळ फोडतात. आणि आतमधे पोस्टग्रेसचं शेअर्ड बफर्स नावाचं सेटिंग असतं, डेटा हाताशी ठेवायला किती मेमरी घ्यायची ते सांगणारं, ते मुळात १२८ एमबी. मायएसक्यूएलमधे डेटा साठवायचं काम इनोडीबी नावाचा भाग करतो, त्याच्या बफर पूलचं पण तेच, १२८ एमबी. म्हणजे डेटाबेस स्वतःसाठी २५६ जीबीतले १२८ एमबी वापरतोय आणि कोणाला पत्ताच नाही. पोस्टग्रेसचं मॅन्युअलच सांगतं की फक्त डेटाबेससाठी मशीन असेल तर एकूण रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करा, बाकीची ऑपरेटिंग सिस्टीम फाइली कॅश करायला वापरते ती वाया जात नाही, त्यामुळे पोस्टग्रेस तरी थोडं निभावून नेतं. इनोडीबीचं मात्र सगळं स्वतःच्या पूलवर चालतं, तिथे रॅमचा निम्म्याहून जास्त भाग द्यावा लागतो. असंच अजून एक, रँडम पेज कॉस्ट, मुळात ४ असते, ती फिरणाऱ्या डिस्कच्या जमान्यातली आहे. एसएसडी म्हणजे न फिरणाऱ्या डिस्क घेतल्या आणि हा आकडा ४ च ठेवला की डेटाबेसला वाटतं इंडेक्समधून, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारख्या यादीतून, उड्या मारत वाचणं महाग आहे, आणि मग तो अख्खं टेबल वाचत बसतो. एसएसडीवर लोक १.१ ठेवतात.

पण खरं सांगू का, सेटिंगांनी होऊन होऊन किती होतं. मंदपणाचं मूळ जास्त करून एखाद्या क्वेरीत असतं. रिलेशनल म्हणजे टेबलांत माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसची सगळी मजाच ही की आपण काय हवंय तेवढं सांगायचं, कसं शोधायचं ते त्याने ठरवायचं. ही कल्पना एडगर कॉड यांनी आयबीएममधे असताना १९७० साली मांडली, आणि शोधायचा सगळ्यात स्वस्त रस्ता हिशेब करून कसा निवडायचा ते पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मधे दाखवलं, आजचे डेटाबेस अजून त्याच वाटेने चालतात. हा हिशेब चालतो आकडेवारीवर. पुण्यातल्या यादीत तुम्ही ‘जोशी’ शोधलंत तर इतके निघतील की इंडेक्स वापरण्यापेक्षा पूर्ण टेबल वाचलेलं परवडेल, आणि एखादं विरळ आडनाव शोधलंत तर इंडेक्सच पाहिजे. हे डेटाबेसला कळतं कारण तो मधून मधून टेबलाचा नमुना घेऊन कुठली किंमत किती वेळा येते ते टिपून ठेवतो, त्याला ॲनालाइझ म्हणतात. लाखो रेकॉर्ड एका रात्रीत नवीन सिस्टीममधे भरले आणि सकाळी ॲनालाइझ न करताच खिडकी उघडली तर डेटाबेस अंदाजपंचे रस्ता निवडणार, आणि नव्या सिस्टीमचा पहिलाच दिवस बोंबलणार.

माझ्या ओळखीतल्या एका संस्थेचं उदाहरण देते, नाव घेत नाही. खाते नंबर टाकला की पान उघडायला मिनिट मिनिट लागायचं. मोठ्या सर्व्हरचं कोटेशन पण आलेलं होतं. बघितलं तर खाते नंबरचा कॉलम टेक्स्ट प्रकारचा, कारण जुन्या काही नंबरांत अक्षरं होती, आणि प्रोग्रॅम मात्र क्वेरीत नंबर पाठवतोय अवतरणचिन्हांशिवाय, म्हणजे संख्या म्हणून. मायएसक्यूएल अशा वेळी टेबलातल्या प्रत्येक टेक्स्टची संख्या करून तुलना करत बसतं, कारण ‘७’, ‘०७’ आणि ‘००७’ ही सगळी टेक्स्ट संख्या म्हणून एकच, आणि मग इंडेक्स असून नसल्यासारखा. दोन अवतरणचिन्हं घातली आणि पान चटकन उघडायला लागलं. कोटेशनवाले गृहस्थ माझ्याशी अजून धड बोलत नाहीत.

हे सापडतं कसं, तर लॉग म्हणजे डेटाबेसची नोंदवही बघून. आणि इथे मला दोन्ही डेटाबेसवाल्यांचा रागच येतो. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग मुळात बंद असतो, चालू केला तरी १० सेकंदांच्या वरचंच लिहितो, काउंटरवर १० सेकंद म्हणजे युग झालं. पोस्टग्रेस पण मंद क्वेरी मुळात कुठेच नोंदवत नाही, तुम्ही सांगाल तेव्हापासून नोंदवतं. त्यामुळे कोणीच बघणारं नसलेल्या ऑफिसात काय मंद आहे याचा कागदच नसतो, आणि मग मीटिंगमधे जो जोरात बोलतो त्याचं कारण खरं ठरतं. ही मर्यादा एका सेकंदावर आणा, पोस्टग्रेसवर कुठली क्वेरी किती वेळ खाते ते मोजणारं पीजी स्टॅट स्टेटमेंट्स चालू करा, आठवडाभर गोळा होऊद्या, वरच्या पाचदहा क्वेरी एक्सप्लेन ॲनालाइझला लावा, डेटाबेसने कुठला रस्ता घेतला ते तो दाखवतो. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, असं माझं मत आहे, कोणाला पटणार नाही.

आता साफसफाईचं. पोस्टग्रेसमधे एखादी ओळ अपडेट केली की जुनी ओळ पुसली जात नाही. सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुन्या नावाला कंस करतात आणि खाली नवीन नाव लिहितात ना, अगदी तसं, जुनी ओळ तिथेच राहते, फक्त बाद होते. हे मुद्दामच असतं, कारण त्याच क्षणी दुसरं कोणी रिपोर्ट काढत असेल तर त्याला जुनं चित्र अखंड दिसावं. पण त्या बाद ओळी जागा अडवतात, टेबल फुगतं, आणि पुनर्लेखन वेळेवर झालं नाही तर कामाच्या एका ओळीसाठी कंसातल्या दहा ओलांडाव्या लागतात. हे आवरायचं काम व्हॅक्यूम करतो, आणि ऑटोव्हॅक्यूम तो आपोआप चालवतो, पण कधी, तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे साधारण २० टक्के ओळी बाद झाल्यावर. एक कोटी ओळींच्या टेबलात म्हणजे वीस लाख ओळी बाद होईपर्यंत तो हलतच नाही. मोठ्या टेबलांसाठी हे प्रमाण १-२ टक्क्यांवर आणावं लागतं, टेबलागणिक आणता येतं.

आणि आपल्याकडे करतात काय, ‘ऑटोव्हॅक्यूममुळे सिस्टीम स्लो होते’ म्हणून तो बंदच करून ठेवतात! व्यवहारांना नंबर द्यायला पोस्टग्रेस ३२ बिटांचा आकडा वापरतं, त्यात साधारण २०० कोटी व्यवहार मागचं ओळखू येतं, त्याच्या आत व्हॅक्यूमने जुन्या ओळी गोठवून, म्हणजे कायमच्या जुन्या अशी खूण करून ठेवल्या नाहीत तर डेटा चुकायला नको म्हणून ते नवीन लिहिणंच थांबवतं. म्हणून २० कोटींचं वय झालं की ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलेला असला तरी स्वतःहून उठतो, बहुतेक भर ऑफिसच्या वेळात, आणि मग कोणीतरी त्याला पण मारतो. मेलचिंप कंपनीच्या मँड्रिल या ईमेल पाठवणाऱ्या सेवेचं फेब्रुवारी २०१९ मधे याच आकड्यापायी मोठं खोळंबलं होतं, म्हणजे हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही.

या व्यवहारांवरून आठवलं, काउंटरवरच्या ताई फॉर्म उघडून चहाला गेल्या तर काय होतं? चांगल्या प्रोग्रॅममधे काहीच नाही. वाईट प्रोग्रॅममधे फॉर्म उघडल्याबरोबर ट्रान्झॅक्शन म्हणजे व्यवहार सुरू होतं, त्या ओळीवर कुलूप लागतं, आणि ताई परत येईपर्यंत त्या ओळीला हात लावू बघणारे बाकीचे सगळे थांबून राहतात, शिवाय तोपर्यंत बाद झालेल्या ओळी व्हॅक्यूमलाही उचलता येत नाहीत. ताईंना बोलू नका, चहा प्यायलाच पाहिजे. असं रिकामं ट्रान्झॅक्शन ठरलेल्या वेळानंतर तोडायचं सेटिंग पोस्टग्रेसमधे ९.६ व्हर्जनपासून म्हणजे २०१६ पासून आहे, मुळात बंद असतं, पाच मिनिटांवर लावा आणि विसरा.

नाव सापडत नाही ही दुसरी तक्रार, तिच्यात तर मराठीचीच गोची आहे. ‘ॲ’ दोन तऱ्हेने टाइप होतो, एक अख्खं अक्षर म्हणून आणि एक ‘अ’वर चंद्र देऊन, डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. ‘ऱ्या’मधला ‘ऱ’ पण एक अख्खा असतो आणि एक ‘र’खाली नुक्ता दिलेला. या ‘ऱ’चं युनिकोडच्या नियमाने एकसारखं रूप करता येतं, पोस्टग्रेस १३ पासून तर त्याचं फंक्शनच आहे, पण ‘ॲ’चं त्या नियमाने होत नाही, ते स्वतः बदलून घ्यावं लागतं. एकाने एका कीबोर्डवर नाव भरलं, दुसरा दुसऱ्या कीबोर्डवर शोधतोय, मग ‘तुमची नोंदच नाही’ म्हणून माणूस घरी परत. याहून बेकार प्रकार म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर होतो. लिनक्समधल्या जीलिबसी नावाच्या लायब्ररीने २०१८ मधे २.२८ व्हर्जनला अक्षरांचा क्रम बदलला, आणि टेक्स्टवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले असतात. मशीन बदललं, डेटाच्या फाइली तशाच उचलून ठेवल्या, रीइंडेक्स केलं नाही म्हणजे इंडेक्स नव्याने रचले नाहीत, तर टेबलात ओळ आहे पण इंडेक्समधून शोधलं की सापडत नाही, आणि युनिक म्हणून ठेवलेल्या कॉलममधे तोच नंबर दोनदा बसू शकतो. एरर काही येत नाही. रेड हॅट लिनक्सच्या जुन्या ७ व्हर्जनवरून ८ वर गेलेल्या प्रत्येक ऑफिसात एकदा हे विचारलं पाहिजे.

बॅकअपबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अर्धं राहील. ‘बॅकअप रोज होतो’ हे सगळेच सांगतात. तो परत चढवून बघितला का विचारलं की शांतता. गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला रात्री एका इंजिनिअरने चुकीच्या मशीनवरची डेटा डिरेक्टरी उडवली, ३०० जीबीच्या आसपास. मग कळलं की रोजचा डंप म्हणजे बॅकअपची फाइल कित्येक दिवस होतच नव्हती, डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, आणि तो फेल झाल्याच्या ईमेल्स पण समोरचा सर्व्हर नाकारत होता. त्याच इंजिनिअरने योगायोगाने सहा तास आधी एक कॉपी घेऊन ठेवली होती म्हणून निभावलं, सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कौतुक याचं की त्यांनी हे सगळं जगजाहीर लिहून ठेवलं. आपल्याकडे असं काही झालं तर काय छापून येईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि बॅकअप ठेवतात कुठे, तर त्याच इमारतीत, कधी त्याच कपाटात, सर्व्हररूम तळमजल्यावर किंवा बेसमेंटला कारण वरच्या मजल्यावर साहेबांच्या केबिन. अहो हे पुणं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा कागद गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घराघरात शिरला, जुलै २०२४ मधे आमच्या सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगं बुडाली. बेसमेंटमधल्या सर्व्हरला आणि त्याच्या शेजारच्या हार्डडिस्कला पाणी एकाच वेळी लागणार, एवढं कळायला डीबीए लागत नाही.

स्पीडसाठी सुरक्षितता विकणारे पण खूप भेटतात. मायएसक्यूएलमधे व्यवहार पूर्ण झाला की त्याची नोंद लगेच डिस्कवर उतरवायचं सेटिंग असतं, मुळात १, त्याचं ० किंवा २ केलं की सगळं पळायला लागतं, वेंडर खूश, साहेब खूश, आणि लाइट गेली की शेवटच्या सेकंदाभरातले व्यवहार उडू शकतात. व्हिडिओवरच्या कमेंटांसाठी ठीक आहे. पतसंस्थेत, जिथे पावती छापून हातात दिलेली असते, तिथे नाही म्हणजे नाही.

हे सगळं येणारी माणसं पुण्यात नाहीत का? शेकड्यांनी आहेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात रात्ररात्र बसून परदेशातल्या बँकांचे डेटाबेस सांभाळणारी माझ्यासारखी कितीतरी आहेत. पण आपल्याकडच्या टेंडरमधे हार्डवेअर असतं, यूपीएसची बॅटरी असते, एसीचं मेंटेनन्स असतं, सॉफ्टवेअर ‘डेव्हलप करून देणे’ असतं, आणि डेटाबेस रोज बघणाऱ्या माणसाची ओळ नसते. केंद्राने २०१५ मधे ओपन सोर्स वापरायचं धोरण आणलं ते चांगलंच केलं, लायसन्सचे पैसे वाचले, पण डेटाबेस फुकट मिळाला म्हणून तो सांभाळायचं काम पण फुकट होईल असं कोणीतरी धरून चाललंय. मोठ्या सर्व्हरवर खर्च केलेला दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं. व्हॅक्यूमचं उद्घाटन कोण करणार.

म्हणून संपादकसाहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी सर्व्हर डाऊनची बातमी आली की तुमच्या वार्ताहराला तिथल्या साहेबांना एवढंच विचारायला सांगा की त्या तासात सगळ्यात मंद क्वेरी कुठली होती, बॅकअप शेवटचा परत चढवून कधी बघितला आणि तो कोणत्या इमारतीत आहे, आणि डेटाबेस बघणाऱ्या माणसाचा हुद्दा काय. उत्तरं जशी येतील तशी छापा, ‘माहिती घेऊन सांगतो’ आलं तर ते पण छापा. आणि गुरुवारी पाणी बंद असलं की तुम्ही आधी चौकट देता, कुठल्या पेठेत, किती वाजेपर्यंत, तशी या पोर्टलांच्या मेंटेनन्सची पण मागून घेऊन द्या. रविवारी पहाटे दोन तास बंद ठेवून रीइंडेक्स केलं तर कोणाचं काही बिघडत नाही, फक्त ते मुदत संपायच्या आधीच्या रविवारी करा, नंतरच्या नको.

आपली,
एक डीबीए
सिंहगड रोड, पुणे